बदकाचा डावा पाय

मी पाऊल आहे, पण जन्मात एकसुद्धा पाऊल टाकलेलं नाही. हसू नका. माझ्या जागी चार दिवस बसून बघा, म्हणजे जीव कसा कासावीस होतो ते कळेल.

मी एक फर्मा. फर्मा म्हणजे बूट ज्याच्यावर चढवून शिवतात ते लाकडी पाऊल. माझ्यावर चामडं ताणतात, ठोकतात, भिजवतात, वाळवतात. सगळा त्रास मी सोसायचा आणि बूट तयार झाला, की मला आतून ओढून बाहेर काढायचं. बूट निघतो जग बघायला, मी परत फळीवर. शेजारी माझा जुळा भाऊ असतो, उजवा. त्याला कशाचंच काही वाटत नाही. लाकूड आहे नुसतं! मी मात्र पहिल्या दिवसापासून अस्वस्थ. कुणी दारातून बाहेर पडलं, की मला वाटतं, अरे, मला पण न्या की!

मला घडवलं उस्तादांनी. उस्ताद म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतले बूट शिवणारे म्हातारे. दुकान इतकं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की उस्तादांना पाय पोटाशी घ्यावे लागत. एक दिवस त्या दुकानात एक लंबूटांग्या तरुण आला. दोन्ही टाचांना फोड आणि चेहऱ्यावर गुर्मी.

"दुकानातले तयार बूट मला चावतात," तो म्हणाला. "मी चालण्याच्या शर्यतीत उतरतो."

"चालण्याची पण शर्यत असते?" उस्तादांनी विचारलं.

असते म्हणे. धावायचं नाही, फक्त चालायचं, पण इतक्या वेगानं, की धावणाऱ्याला घाम फुटावा. नियम दोन. पुढचा पाय जमिनीला टेकताना गुडघा सरळ हवा, आणि एक ना एक पाय सतत जमिनीवर हवा. दोन्ही पाय एकदम सुटले, की पंच कार्ड पाठवणार. तीन पंचांची तीन लाल कार्डं झाली, की गाशा गुंडाळायचा. या नियमांपायी बिचाऱ्यांना कंबर डुलवत चालावं लागतं. गल्लीतल्या पोरांनी त्याला पहिल्यांदा तसं चालताना पाहिलं आणि 'बदक, बदक' म्हणून ओरडत मागे लागली. नाव चिकटलं ते चिकटलंच. आज चाळीस माणसं त्याच्या हाताखाली काम करतात, आणि तीही त्याला प्रेमानं बदकशेठ म्हणतात.

उस्तादांनी त्याचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली, फीत लावली, बोटांनी चाचपला, आणि आठ दिवस खपून आम्हा दोघांना कोरलं. त्याचा डावा चवडा रुंद, अंगठा सरळ, करंगळी जराशी आत मुडपलेली. माझंही अगदी तसंच, तंतोतंत. उस्तादांनी मला त्याच्या पायाशेजारी ठेवलं तेव्हा तो हरखून म्हणाला, "हा तर माझाच पाय!"

तेवढ्या एका वाक्यावर मी आयुष्यभर फुशारलो. खोटं कशाला बोलू?

माझ्यावर शिवलेल्या बुटांत त्यानं बऱ्याच शर्यती जिंकल्या. मी काही पाहिल्या नाहीत. एकच पाहिली आणि ती नसती पाहिली तर बरं झालं असतं.

सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या दिवशी, शिवण उसवली तर हाताशी असावं म्हणून, उस्ताद आम्हाला पिशवीत घालून मैदानावर घेऊन गेले. पिशवीच्या तोंडातून मला तो दिसत होता. सगळ्यांच्या पुढे होता! शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या होत्या. मी पिशवीत नुसता तडफडत होतो, चल रे, चल रे करत. तेवढ्यात मुख्य पंच आडवे आले आणि त्यांनी लाल कार्ड वर केलं. तिसरं.

तो थांबला नाही. लाल कार्ड दिसल्यावर बाहेर व्हायचं असतं, पण हा पठ्ठ्या तसाच चालत राहिला. अख्खी फेरी पूर्ण केली. "मी दोन्ही पाय उचलले नाहीत! माझे पाय मला पाठ आहेत!" म्हणून ओरडत होता. शेवटी दोघांनी धरून त्याला कडेला आणलं. मैदानातली माणसं हसली. मला फार लागलं ते.

उस्ताद त्याच्यापाशी खाली बसले. त्याच्या पायांतले बूट काढून घेतले, उलटे केले आणि त्याच्यासमोर धरले. टाच जवळजवळ कोरी होती. पुढचा चवडा मात्र घासून गुळगुळीत झाला होता.

"टेकत नव्हतास रे," ते हळूच म्हणाले. "दमलास की उड्या मारतोस. तुला कळत नाही, पण बुटाला कळतं. पायाला काय विचारतोस? बुटाला विचार."

तो ढसाढसा रडला. पंचांचं ऐकलं नव्हतं, पण बुटाचं ऐकलं. त्यानंतर तो शर्यतीत उतरला नाही.

आता पुढे काय? हा प्रश्न खेळाडूला फार छळतो, हे मी जवळून पाहिलंय. सकाळी चारला जाग येणार, आणि जायचं कुठे? तो गल्लीत येऊन उस्तादांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा आणि पाय हलवत राहायचा. उस्ताद वैतागले. म्हणाले, "पाय हलवतोस त्यापेक्षा हात हलव." आणि त्याच्या हातात चामडं कापायची रापी दिली.

त्याच सुमाराला त्याचं लग्न झालं. बायको दवाखान्यात नर्स. बारा-बारा तास उभी असायची आणि घरी आल्यावर पाय बादलीत बुडवून बसायची. पहिले बूट त्यानं तिच्यासाठी केले. ते घालून ती कामावर गेली, आणि आठवड्याभरात तिच्या वॉर्डातल्या सहा जणी दुकानात हजर! मग स्वयंपाकी आले, पहारेकरी आले, फळ्यासमोर उभं राहून कंबर मोडलेले मास्तर आले. उभं राहून पोट भरणाऱ्यांचे बूट, हाच त्याचा धंदा झाला. उस्ताद थकले, मग गेले. दुकानाचं कारखान्यात रूपांतर झालं. यंत्रं आली, प्लास्टिकचे फर्मे शेकड्यांनी आले. त्या चकचकीत गर्दीत आम्ही दोघे जुने लाकडी भाऊ मापांच्या खोलीतल्या फळीवर जाऊन बसलो. फक्त शेठचे स्वतःचे बूट तेवढे अजून आमच्यावर बनायचे.

मावशी आल्या त्या बायकोमुळे. मावशी इस्त्रीवाल्या. सकाळपासून कपड्यांना इस्त्री करत उभ्या. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले, चपलेत खडा गेला तरी कळलं नाही. खड्याची जखम झाली, जखम चिघळली आणि शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. बायकोच्याच वॉर्डात होत्या. ती त्यांना हाताला धरून कारखान्यात घेऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली, "यांच्यासाठी बूट कर. आणि यांच्यासारख्या आणखी किती आहेत ते मी तुला दाखवते."

तिनं दाखवलं आणि त्याची झोप उडाली. शर्यत हरल्यावर गेलेला तो जुना ताव परत आला. बघता बघता दर गुरुवारी दुपारी मापांची खोली सगळ्यांसाठी खुली झाली. ज्यांना ऐपत नाही त्यांना बूट फुकट. मावशी बोट गेल्यापासून इस्त्रीला उभ्या राहू शकत नव्हत्या, त्यांना या खोलीचं सगळं सोपवलं. पायाचं माप दुपारीच घ्यायचं, कारण तोवर पाय सुजलेला असतो. बुटात पाय घालण्याआधी हात घालायचा. आणि कुणाच्या पायाला जखम दिसली, की मावशींनी खिशातलं लाल कार्ड काढायचं. ही कल्पना त्याची. मैदानावरून आणलेली. भिंतीवर त्यानं स्वतः रंगवून ठेवलं होतं: 'लाल कार्ड दिसलं, की जागेवर बसायचं. गाडी दवाखान्यात नेईल. वाद नाही. कोणीही असो.'

मावशींनी त्या कार्डावर किती पाय वाचवले, त्याचा हिशोब मला नाही. कार्ड बघून लोक रागवायचे, लाजायचे, कामं सांगायचे. मावशी आपला पाय पुढे करून म्हणायच्या, "हे बघा. मला कुणी वेळेवर बसवलं असतं, तर हे बोट आज जागेवर असतं. बसा मुकाट्यानं."

इथवर सगळं छान वाटतंय ना? माझी खरी तगमग आता सुरू होते.

दर वर्षी मापं नवी घ्यायची, हा नियम सगळ्यांना लागू होता. एकाला सोडून. शेठनं स्वतःच्या पायाचं माप बावीस वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं. मावशी कागद पुढे करायच्या, आणि हा हसून फळीकडे बोट दाखवायचा. "माझं माप तिथे बसलंय. माझे पाय मला पाठ आहेत, मावशी."

पाठ! अहो, पाठ असून काय उपयोग? पाय काही जागच्या जागी राहतो होय? लाकूड तसंच राहतं, माणूस बदलतो. त्याच्या जुन्या बुटांना नवा तळ ठोकायचा असला की ते माझ्यावर चढवायचे, आणि दर वेळी मला बूट जास्त परका वाटायचा. करंगळीच्या बाजूला चामडं फुगलेलं. अंगठ्यापाशी सांधा वाढल्याचा खड्डा. मी तसाच तरुण, आणि त्याचा पाय माझ्यापासून रोज थोडा थोडा लांब जात होता.

बायकोनं त्याला रक्त तपासायला लावलं होतं. साखर निघाली. तो घरी गोळ्या घेत होता म्हणे, आठवण झाली तर. "रोज दहा किलोमीटर चालणारा माणूस मी. मला काय धाड भरलीय?" असं तिला कारखान्यात सगळ्यांसमोर म्हणाला होता.

"मग घरात मोजे का काढत नाहीस?" तिनं विचारलं.

"थंडी वाजते."

"उन्हाळ्यात?"

तो खो खो हसला आणि उठून गेला. ती मापांच्या खोलीत आली, मावशींशेजारी स्टुलावर बसली. "माझ्यासमोर पाय लपवतो हो तो," एवढंच म्हणाली. मावशींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्या वर्षीची पदयात्रा जवळ आली होती. वर्षातून एकदा सगळे मिळून कारखान्याच्या फाटकापासून दवाखान्यापर्यंत चालत जायचे. आठ किलोमीटर. यंदा दवाखान्यानं तळमजल्यावरची एक खोली पायांच्या तपासणीसाठी कायमची दिली होती. शेठनं सगळ्यांच्या पुढे चालत जायचं आणि कुलूप उघडायचं, असं ठरलेलं. गेले महिनाभर त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. बोलताना उभा राहायचा, उभा असला की येरझाऱ्या घालायचा.

पदयात्रेच्या आदल्या दिवशी त्यानं आपले बूट तळ बदलायला दिले. डावा माझ्यावर चढला. आणि मला गुदमरल्यासारखं झालं.

आतलं अस्तर करंगळीखाली कडक झालं होतं, खरखरीत, पापडी धरल्यासारखं. वास येत होता. घामाचा नव्हे, वेगळाच. आत जखम होती आणि ती वाहत होती. मी त्याचाच पाय ना? मला नाही कळणार? तळ ठोकणारा कारागीर वरून ठोकत होता, आतलं त्याला दिसेना. मी ओरडलो. लाकूड ओरडतं ते कुणाला ऐकू येतं? उजव्याला म्हटलं, अरे, काहीतरी कर! तो गप्प. त्याचा पाय धडधाकट होता.

बूट माझ्यावरून काढून, पुसून, चमकवून मावशींच्या टेबलावर ठेवले गेले. मी फळीवरून बघत होतो. मावशी, हात घाला. मावशी, तुमचाच नियम आहे. हात घाला.

सकाळी फाटकात तोबा गर्दी. नर्सा, मास्तर, पहारेकरी, काठ्या टेकत आलेले म्हातारे. शेठ भरभर मापांच्या खोलीत आला, पायात घरच्या सपाता, वर मोजे. "द्या मावशी, बूट द्या. लोक खोळंबलेत."

मावशींनी उजव्या बुटात हात घातला, फिरवला, बूट त्याला दिला. मग डावा उचलला.

"अहो, माझे बूट आहेत ते! त्यात कसला हात घालताय?"

"आत पाय जाणार ना? मग आधी हात," असं म्हणत त्यांनी हात आत घातला. आणि तो तिथेच थांबला. हळूच बाहेर काढून त्यांनी बोटं नाकापाशी नेली. हा वास त्या विसरणं शक्य नव्हतं.

"मोजा काढा, शेठ."

"मावशी, आल्यावर बघू."

"काढा म्हणते ना!"

"माझे पाय मला—" तो म्हणाला, आणि वाक्य अर्धंच राहिलं. कारण मावशींनी खिशात हात घालून लाल कार्ड काढलं होतं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं होतं. त्यांचा हात खाली येत नव्हता.

दारात माणसं गोळा झाली होती. मला मैदानावरची ती पिशवी आठवली. तो आत्ता उठेल, तसाच चालत सुटेल, अख्खे आठ किलोमीटर, ओरडत. मला माहीत होता तो. माझाच तर पाय!

त्यानं दारातल्या माणसांकडे पाहिलं. भिंतीवरच्या स्वतःच्या अक्षराकडे पाहिलं. मग एकदम मटकन स्टुलावर बसला.

"बघा," तो म्हणाला. "बघा मावशी. मला काही कळत नाही हो तिथलं. गेल्या वर्षभरापासून काही कळत नाही. मला भीती वाटत होती."

बायको गर्दीतून वाट काढत आली, खाली बसली आणि तिनं स्वतः मोजा काढला. काय दिसलं ते सांगत नाही. तिनं नवऱ्याचा पाय मांडीवर घेतला आणि म्हणाली, "वेड्या. अरे, मी नर्स आहे ना?"

गाडी त्याला घेऊन गेली. जाताना त्यानं दवाखान्यातल्या खोलीची किल्ली मावशींच्या हातात दिली. पदयात्रा निघाली. सगळ्यांच्या पुढे मावशी होत्या, नऊ बोटांच्या, आणि आठही किलोमीटर चालल्या. दमल्या, दोनदा थांबल्या, पण चालल्या. कुलूप त्यांनी उघडलं. हे सगळं मला नंतर त्यांच्याच तोंडून कळलं. मी फळीवर.

डॉक्टरांनी पाय वाचवला. आणखी आठवडा गेला असता तर काही खरं नव्हतं, असं म्हणाले. करंगळी मात्र गेली.

आणि मग माझे वाईट दिवस आले. दोन महिने तो आलाच नाही. मी फळीवर बसून विचार करत होतो. आता माझी करंगळी आहे आणि त्याची नाही. मग मी कुणाचा पाय? नवीन फर्मा येईल, प्लास्टिकचा, चकचकीत. मला कुणीतरी दार अडवायला ठेवेल, नाहीतर चुलीत घालेल. उगाच फुशारलो इतकी वर्षं. आणि त्याहून मोठी बोच ही, की माझ्याकडे बोट दाखवूनच तो माप टाळत राहिला होता. मी इतका तंतोतंत नसतो, तर कदाचित त्यानं कागदावर पाय ठेवला असता.

एका गुरुवारी दुपारी काठी टेकत तो आला. मापांच्या रांगेत बसला, सगळ्यांसारखा. नंबर आल्यावर मावशींनी कागद ठेवला, त्यानं पाय ठेवला आणि पेन्सिल फिरली. कारखान्याचे मुख्य कारागीर म्हणाले, "शेठ, नवा फर्मा बनवू ना?"

त्यानं कागद उचलला, फळीपाशी आला आणि मला हातात घेतलं. माझ्या करंगळीवरून अंगठा फिरवला.

"नवा नको," तो म्हणाला. "उस्तादांची कानस काढा."

कानस माझ्या करंगळीवर टेकली तेव्हा मी आधी घाबरलो. मग लक्षात आलं, की कानस चालवणारा हात त्याचाच आहे. हळूहळू माझी करंगळी भुसा होऊन त्याच्या मांडीवर पडली. तेवढा भाग त्यानं गोल, गुळगुळीत केला. अंगठ्याच्या सांध्यावर चामड्याचे दोन तुकडे चिकटवून तो वाढवला. मला पुन्हा पुन्हा कागदावर ठेवून बघत होता. मावशी चष्मा वर करून म्हणाल्या, "आणखी एकदा घासा. अजून थोडं बाहेर आहे."

शेवटी मी रेषेत बसलो. बावीस वर्षांपूर्वी त्यानं केलं होतं, तसंच त्यानं आज केलं. मला आपल्या पायाशेजारी ठेवलं. मी खरबरीत, ठिगळ लावलेला. तो सुजलेला, टाके पडलेला. दोघांनाही चार बोटं.

"हा माझा पाय," तो म्हणाला. या वेळी हरखून नाही. पण म्हणाला.

उजवा भाऊ पहिल्यांदाच काहीतरी पुटपुटल्यासारखा वाटला. कदाचित भास असेल.

आता माझं बरं चाललंय, असं म्हणायला हरकत नाही. अस्वस्थपणा काही गेलेला नाही, तो जाणारही नाही. अजून दारातून कुणी निघालं की माझा जीव खालीवर होतो. दर तीन महिन्यांनी नवा कागद माझ्याखाली सरकवतात, आणि मी चुकत असलो तर कानस किंवा चामडं आहेच. पूर्वी मला वाटायचं, की मी कधीच बदललो नाही, हीच माझी थोरवी. काय पण थोरवी!

जाता जाता तुम्हाला एवढंच सांगायचंय. आज बूट काढाल तेव्हा पाय उलटा करून बघा. वाकता येत नसेल, तर आरसा खाली ठेवा. तेही जमत नसेल, तर घरातल्या कुणाला तरी दाखवा, लाजू नका. आणि मोजा काढ म्हणून कुणी मागे लागलं, तर हसून उठून जाऊ नका. मागे लागणारं माणूस आहे, हे तुमचं नशीब.

थांबा, तो निघालाय. मावशींचा बुटात हात घालून झालाय, बायको दारात उभी आहे. तो जरा लंगडतो आता, वेग नाही राहिला. पण ऐका नीट. टाच टेकतेय. दर पावलाला, डावी टाच टेकतेय.